‘आमचा मळा’ हे नाव रोमन अक्षरांत कसे लिहायचे? (ब्लॉगच्या डोमेनविषयी सल्ला हवा आहे)

मळेकरी

सर्वांना सप्रेम नमस्कार. वाळवा तालुक्यातील आमचे शेत, वडिलांच्या काळातील मोट आणि नंतर उसाने गिळलेली ज्वारी या विषयांवर मी गेली सहा वर्षे ब्लॉगस्पॉटच्या मोफत जागेवर लिहीत आहे. लेख दीडशेच्या घरात गेले आहेत. मात्र पत्त्यात माझे पूर्ण नाव, त्याला चिकटलेले जन्मवर्ष आणि मग ब्लॉगस्पॉट डॉट कॉम असे सगळे असल्यामुळे तो लग्नकार्यात कोणाला सांगायचा म्हटले, तर आधी कागद-पेन शोधावे लागते. म्हणून स्वतःचे डोमेन, म्हणजे ब्लॉगसाठी स्वतःच्या नावाचा पत्ता, घ्यावे असे ठरवले आहे. ‘आमचा मळा’ आणि ‘विहीरकाठ’ ही दोन नावे मनात आहेत. यांतले कोणते घ्यावे, त्यापुढे डॉट कॉम, डॉट इन की डॉट भारत लावावे, आणि पत्ता बदलल्यावर जुन्या लेखांचे दुवे तुटतात का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओसरी

नमस्कार मळेकरी. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ब्लॉगस्पॉट ज्या ब्लॉगर सेवेवर चालते तिच्या सेटिंगमध्ये स्वतःचे डोमेन जोडले की जुन्या पत्त्यावर येणारा वाचक आपोआप नव्या पत्त्यावर नेला जातो, त्यामुळे दुव्यांची चिंता करू नये.

नावाचा प्रश्न मात्र आपल्याला वाटतो त्याहून अवघड आहे, कारण मराठी नाव रोमन लिपीत जाताना दोन ठिकाणी अडखळते आणि ती दोन ठिकाणे वेगळी ओळखावी लागतात. पहिले म्हणजे वाचताना. ‘मळा’ हा शब्द एम-ए-एल-ए असा लिहिला की तो ‘मला’, ‘माला’ आणि ‘माळा’ असाही वाचता येतो, त्यामुळे आपला मळा परगावच्या वाचकाला फुलांच्या दुकानासारखा वाटण्याची शक्यता आहे. हा दोष चालवून घेता येतो, कारण पान उघडल्यावर माथ्यावर देवनागरीत खरे नाव दिसतेच. दुसरे ठिकाण म्हणजे ऐकून टंकताना, आणि तिथली चूक वाचकाला आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाही. ‘विहीरकाठ’ फोनवर ऐकणाऱ्या चार माणसांपैकी एक जण व्ही-आय लिहील, दुसरा डब्ल्यू-आय, तिसरा ‘ही’साठी दोन ई घालील आणि चौथा ‘काठ’मध्ये दोन ए. झ, व, क्ष, दीर्घ ई-ऊ आणि शब्दाच्या मधला आ हे सगळे असे घरभेदी आहेत. ‘ज्ञ’चे तर विचारूच नका: आपण ज्ञानेश्वर डी-एन-वाय असे लिहितो, तर हिंदी वाचक डोळे मिटून जी-वाय लिहितो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, आपल्या मनातली नावे दोन-तीन माणसांना फोनवर फक्त एकदा, स्पेलिंग न सांगता ऐकवावीत आणि त्यांनी काय टंकले ते परत मागवावे. नावात जन्मवर्ष नको आणि संयोगरेषाही नको, कारण बोलताना ‘मध्ये आडवी रेघ’ असे सांगितले तरी निम्मे लोक ती गाळतात. नियमाने एका नावात ६३ अक्षरांपर्यंत जाता येते, पण दहा-बाराच्या पुढे जाणे हा वाचकावर अन्याय आहे. लहान-मोठी अक्षरे या व्यवस्थेत एकच मानली जातात.

डॉट कॉम मिळाले तर उत्तम, नाहीतर डॉट इन. डॉट को दिसायला छान आहे, पण ऐकणारा त्याला हमखास शेवटचा एम जोडून देतो. शिवाय दोन अक्षरी विस्तार हे देशांचे किंवा प्रदेशांचे असतात. डॉट को कोलंबियाचे आहे, तर डॉट मी मॉन्टेनिग्रोचे. युगोस्लाव्हिया हा देश राहिला नाही, तेव्हा त्याचे डॉट वाययू हे विस्तारनामही २०१० मध्ये बंद झाले. हे फक्त माहितीसाठी सांगितले. आपल्या डॉट इनला तसा काही धोका नाही.

दिवेलागण

ओसरी यांनी एवढा रोमनचा घोळ सांगितला, तर मग सरळ देवनागरीतच नाव का घेऊ नये, असे कोणीही विचारील. डॉट भारत हे देवनागरी विस्तारनाम ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले आणि त्यात मराठी व कोकणीचाही समावेश होता. मी स्वतः तसे एक नाव दोन वर्षे वापरले. ळ हा ळ राहतो, ण हा ण राहतो, आणि स्वतःच्या लिपीतला पत्ता ब्राउझरच्या पट्टीत पाहताना होणारा आनंद मी नाकारणार नाही.

अडचण पुढे येते. ही व्यवस्था आतून अजूनही रोमन अक्षरांवरच चालते, त्यामुळे प्रत्येक देवनागरी नावाचे एक्सएन आणि दोन संयोगरेषांनी सुरू होणारे सांकेतिक रूप तयार होते. मी पत्ता नकलून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात डकवला, तेव्हा तेच अगम्य रूप सर्वांना दिसले आणि मावशींनी ‘हा व्हायरस आहे, कोणी उघडू नका’ असा निरोप टाकला. त्या डोमेनवरचा ईमेल पत्ताही अनेक अर्ज स्वीकारत नाहीत. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाची अडचण तिथेही आहेच: ‘विहीर’ची ‘ही’ दीर्घ हे आपल्याला ठाऊक आहे, पण ती ऱ्हस्व टंकणारे लोक मी रोज पाहतो. म्हणून देवनागरी नाव हौसेने जरूर घ्यावे आणि ते मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवावे. तेच एकमेव नाव असू नये.

टपालवाला

नावाची चर्चा उत्तम झाली आहे, त्यामुळे मी फक्त नोंदणीविषयी लिहितो. डोमेन विकत मिळत नाही, ते मुदतीने मिळते: एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षे. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून हुरळून न जाता नूतनीकरणाचा दर आधी वाचावा. तो कित्येक पट असू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदणीचे खाते स्वतःच्या ईमेलने उघडावे. माझे पहिले डोमेन भाच्याच्या मित्राने प्रेमाने स्वतःच्या खात्यातून घेऊन दिले होते. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला, त्याचे कार्ड बदलले, मुदतीच्या सूचना त्याने कधीच न उघडलेल्या ईमेलवर जात राहिल्या आणि मला ते कळले ते एका वाचकाने ‘तुमच्या पानावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात कशी?’ असे विचारले तेव्हा. डॉट कॉमची मुदत संपून नाव काढले गेल्यानंतरही मूळ धारकाला जादा शुल्क भरून ते परत घेण्यासाठी साधारण ३० दिवस मिळतात, पण माझ्या बाबतीत ते केव्हाच उलटून गेले होते. नऊ वर्षांच्या लेखांवरचे सगळे दुवे आज त्या जुगाऱ्याच्या दारात नेतात.

मळेकरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओसरी यांच्या सूचनेप्रमाणे काल रात्री बेळगावच्या धाकट्या बहिणीला आणि पुण्यात शिकणाऱ्या तिच्या मुलीला फोन लावून नावे ऐकवली. ‘विहीरकाठ’ची दोघींकडून दोन रूपे आली आणि त्यांतले एकही माझ्या मनातल्या रूपाशी जुळले नाही. ‘आमचा मळा’ टंकताना बहिणीने ‘मळा’त दोन ए घातले, भाचीने एकच. मग मोटेचा विषय निघाला आणि बोलता बोलता मीच ‘मोटनाडा’ असे म्हणालो. मोट ओढणाऱ्या जाड दोराला आमच्याकडे नाडा म्हणतात. तो शब्द दोघींनीही एम-ओ-टी-एन-ए-डी-ए असा बिनचूक लिहिला. डॉट इन शिल्लक होते, ते आज सकाळी माझ्याच ईमेलवरून पाच वर्षांसाठी घेतले.

भाचीने मात्र एक शंका काढली आहे, तिचे उत्तर मला अजून सुचलेले नाही. ती म्हणाली, ‘मामा, नाव छान आहे, पण लोकांना तो परकराचा नाडा वाटला तर?’