साठ्याचं पान अजॅक्स केल्यावर उलट जास्त हळू झालं. मागे जाऊ का?

चादरीचा_हिशोब: नमस्कार. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा चादरी-टॉवेलचा कारखाना आहे. साठ्याचं आणि ऑर्डरचं सॉफ्टवेअर मीच पीएचपीत लिहिलंय. पूर्वी एक नोंद बदलली की अख्खं पान पुन्हा लोड व्हायचं, ३ सेकंद लागायचे. म्हणून अजॅक्स (अख्खं पान पुन्हा लोड न करता हवी तेवढीच माहिती मागवणं) वापरलं: पान रिकामं उघडून २४० डिझाइनच्या प्रत्येक ओळीचा साठा वेगळ्या कॉलने, म्हणजे सर्व्हरकडच्या वेगळ्या विनंतीने, मागवायला लागलो. आता शेवटची ओळ भरेपर्यंत ११ सेकंद जातात. गोदामातले दादा मोबाइल हातात धरून रॅकसमोर उभे, आणि आकडे एकेक करून उगवतायत. शिवाय दर ५ सेकंदांनी बदल विचारणारा टायमर आहे. गड्ड्याच्या यात्रेआधी हे सुधारायचंय. जुन्या पद्धतीवर जाऊ का?

नवीपेठकर: मागे जायची गरज नाही, पण २४० कॉल आधी बंद करा. एचटीटीपी १.१ वर (ब्राउझर-सर्व्हरच्या संवादाच्या नियमांची जुनी आवृत्ती) ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी साधारण ६ जोडण्याच उघडतो, बाकीचे कॉल रांगेत थांबतात. तुमचं दुखणं मात्र त्याहून खोल असावं. पीएचपीचं सेशन (कोण लॉगिन आहे याची सर्व्हरवरची नोंद) फाइलमध्ये असेल तर पहिला कॉल ती फाइल कुलूपबंद करतो, आणि त्याच लॉगिनचे पुढचे कॉल कुलूप सुटेपर्यंत ताटकळतात. नावाला असिंक्रोनस (एकमेकांसाठी न थांबणारे), काम एकामागून एक. एका कॉलला ४० मिलिसेकंद धरा, २४० कॉलचे साडेनऊ सेकंद इथेच झाले. ब्राउझरमधल्या डेव्हटूल्सच्या (तपासणीच्या साधनांच्या) नेटवर्क टॅबमध्ये पट्ट्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरताना दिसल्या तर हेच कारण. लॉगिन तपासून झालं की लगेच सेशन बंद करणारं फंक्शन बोलवा, कुलूप सुटतं. एचटीटीपी २ ने ६ ची मर्यादा जाईल, हे कुलूप जाणार नाही.

आणि पहिलं पान रिकामं पाठवूच नका. सर्व्हरनेच २४० ओळी भरून द्याव्यात. पुढे बदललेल्या ओळी तेवढ्या मागवा, त्याही एकाच कॉलमध्ये.

होटगी_रोड: माझं मत जरा वेगळं आहे. २४० ओळींचं टेबल जीझिप केलं (आकसून पाठवलं) की काही केबींत बसतं. ३ सेकंद लागत होते ते बहुतेक डेटाबेसच्या क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आदेशात). डिझाइन क्रमांकावर इंडेक्स (नोंद पटकन सापडण्यासाठीची सूची) आहे का? नसेल तर अजॅक्सने काहीच वेळ वाचत नाही, फक्त वाट बघायची जागा बदलते. आधी क्वेरी मोजा.

नवीपेठकर: हे बरोबर, मी आधी हेच विचारायला हवं होतं.

गृहिणी_ते_कोडर: टायमरबद्दल सांगते. १४ जण पान उघडून बसले तर मिनिटाला १६८ विचारणा, आणि बहुतेकांचं उत्तर "काही बदल नाही". शेवटच्या बदलाचा क्रमांक सोबत पाठवा, तो तोच असेल तर सर्व्हरने रिकामं उत्तर द्यावं. टॅब मागे गेला की टायमर थांबवा, मोबाइलची बॅटरीही वाचते. ५ ऐवजी २० सेकंद चालतील का, हे दादांनाच विचारा.

शोधाची चौकट असेल तर अजून एक. "जकार्ड" टाइप करताना "जका"चं उत्तर उशिरा येऊन "जकार्ड"च्या उत्तरावर बसतं आणि चुकीची यादी दिसते. मी हे स्वतः भोगलंय, ग्राहकाला दुसऱ्याच मालाचा भाव सांगून बसले होते. टाइप थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनी विचारा आणि जुनी विनंती रद्द करा.

चादरीचा_हिशोब: सर्वांचे मनापासून आभार. जिना दिसला, अगदी तसाच! इंडेक्सही नव्हता. इंडेक्स घातला, पहिलं पान सर्व्हरवरून भरलं, सेशन लवकर सोडलं. गोदामातल्या मोबाइलवर आता सव्वा सेकंद. टायमर २० वर नेलाय, पण त्या २० सेकंदांत शेवटचा गठ्ठा दोघांनी बुक केला तर?

होटगी_रोड: पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. साठा वजा करणाऱ्या अपडेट क्वेरीतच "शिल्लक पुरेशी असेल तरच" ही अट घाला. शून्य ओळी बदलल्या तर दुसऱ्याला तिथल्या तिथे "माल संपला" दाखवा आणि त्याची ती ओळ ताजी करा.