भुयारी मेट्रो आणि आमची शकुंतला : रूळ एकदाच टाकले जातात

दारव्हेकर :
मागच्या महिन्यात एका अर्जाच्या पाठपुराव्यासाठी मंत्रालयात जायचं होतं. मूर्तिजापूरला विदर्भ एक्सप्रेस धरली, सकाळी सीएसएमटीला उतरलो आणि भाच्याच्या सांगण्यावरून टॅक्सी न करता जमिनीखाली, भुयारी मेट्रोत गेलो. तिसरं स्टेशन विधान भवन. वर आलो तर मंत्रालय जवळच.

गाडी उत्तम आहे, हे आधी सांगतो. कफ परेडपासून आरेपर्यंत ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ भुयारात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी सुरू झाली, मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत. आपल्याकडे विहीर खणताना लागतो तोच काळा पाषाण त्यांनी वीस-पंचवीस मीटर खाली कोरला. कोरणाऱ्या यंत्रांना नद्यांची नावं दिली होती, त्यात आपली वैनगंगाही होती. ते ऐकून फार बरं वाटलं.

मला रूळ बघायचे होते, पण फलाटाच्या कडेला काचेची दारं असतात, रूळ दिसतच नाहीत. भाच्याला विचारलं, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, किती? १४३५ मिलिमीटर, म्हणजे स्टँडर्ड गेज. आणि त्याच शहरातली लोकल १६७६ वर, ब्रॉडगेजवर. फरक २४१ मिलिमीटर. एक वीतभर.

माझे आजोबा मूर्तिजापूरला हमाल होते, म्हणून ही वीत मला झोंबली. यवतमाळहून ११३ किलोमीटरची छोटी लाइन मूर्तिजापूरला यायची, तिकडून अचलपूरची ७६ किलोमीटरची. दोन्हींचं गेज ७६२. किलिक निक्सन कंपनीने कापसासाठी टाकलेली ही लाइन, आपली शकुंतला. दारव्ह्याच्या जिनातली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली, कापसाची गाठ छोट्या डब्यातून यायची आणि मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या लाइनच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, चढवायला लागायची. पावणेदोनशे किलोची एकेक गाठ. आजोबांच्या पाठीला कायमचा बाक आला होता. ते म्हणायचे, कापूस मुंबईला पोचतो, पण आमच्या पाठीवरून.

लाइन टाकताना खर्च वाचवायला छोटं गेज घेतलं आणि त्याची किंमत पुढच्या चार पिढ्यांनी भरली. शेवटी गाडीच बंद पडली. जमिनीवरचे रूळ निदान उखडून रुंद तरी करता येतात. भुयार एकदा कोरलं की कोरलं. म्हणून म्हणतो, मुंबईच्या भुयारात वेगळं गेज टाकणं ही मूर्तिजापूरचीच चूक आहे, फक्त हजारो कोटींची. आज ना उद्या लोकल आणि मेट्रो एका रुळावर आणाव्या लागतील, तेव्हा काय करणार? जाणकारांनी बोलावं.

बडनेरा लोको :
दारव्हेकर भाऊ, आजोबांबद्दल आदर आहे. माझी हयात इंजिनात गेली, भुसावळ ते नागपूर. तरीही तुमचं म्हणणं मला पटत नाही.

मूर्तिजापूरला अडचण गाठीची होती. गाठीला पाय नसतात. माणूस आपल्या पायांनी जिना चढतो आणि दुसऱ्या गाडीत बसतो. मरोळ नाक्याला लोक वरच्या घाटकोपर-वर्सोवा मेट्रोतून उतरून खालच्या मेट्रोत जातातच. मालाची बदली आणि माणसाची बदली एका तराजूत तोलू नका.

दुसरं, दिल्लीचं बघा. २००२ साली तिथली मेट्रो सुरू झाली ती ब्रॉडगेजवर. मेट्रोवाल्यांना, त्यांचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांना, स्टँडर्ड गेज हवं होतं. रेल्वे मंत्रालय ब्रॉडगेजवर अडून बसलं आणि मंत्रालयाचंच झालं. आज तिथल्या लाल, पिवळ्या, निळ्या लाइनी ब्रॉडगेजच्या आहेत. सांगा, त्यावर रेल्वेची एक तरी गाडी धावते का? कोलकात्याची १९८४ ची पहिली मेट्रोही ब्रॉडगेजच. हावड्याची लोकल त्या भुयारात कधी गेली नाही. गेज जुळलं म्हणून गाडी जात नाही. वीज जुळावी लागते, सिग्नल जुळावा लागतो, डब्याची रुंदी जुळावी लागते. कोलकात्याच्या त्या मेट्रोला वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या, वीजवाहक रुळातून मिळते, आपल्या लोकलला वरच्या तारेतून. मुंबईच्या लोकलचा डबा मेट्रोच्या डब्याहून जवळजवळ दीड फूट रुंद आहे. तो घ्यायचा तर भुयारच मोठं कोरावं लागलं असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मी स्वतः भोगली. एकाच रुळावर सुपरफास्ट, पॅसेंजर, कोळशाची मालगाडी असं सगळं चालवलं की एकाचा उशीर सगळ्यांच्या गळ्यात पडतो. स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला उभं राहून मी किती रात्री काढल्या याचा हिशेब नाही. भुयारात दोन-तीन मिनिटांनी गाडी सोडायची असेल तर तिथे बाहेरचा पाहुणा नको. वेगळे रूळ हीच तिची ताकद आहे.

कापूसवाला :
तुमी दोघंही मुंबईच्या रुळावर भांडून राह्यले. मले एक सांगा, यवतमाळले आज कोन्तं गेज हाये? ७६२ वालीबी बंद अन् १६७६ वाली अजून पोचाची हाये. मुंबईच्या त्या एका लाइनले सदतीस हजार कोटींच्या वर लागले म्हन्तात. वर्धा-यवतमाळ-नांदेडची लाइन कवापासून चालू हाये? फेब्रुवारी २०२४ मंदी कळंबपर्यंत गाडी आली, मोजून ३९ किलोमीटर. इथं माह्या बैलबंडीले चाक हाये पन रस्ता नाई, अन् तुमी भुयारातली वीत मोजता.

दारव्हेकर :
कापूसवाला भाऊ, तुमचा राग रास्त आहे. पण पैसा कुठे जायला हवा हा वेगळा धागा होईल, आणि त्यात मी तुमच्याच बाजूने लिहीन. इथे प्रश्न रूळ कसे टाकावेत हा आहे. नांदेडच्या लाइनलाही तो लागू पडतो. ती ब्रॉडगेज होते आहे, छोट्या लाइनला जोडून नवी हमाली होत नाहीये, याचंच मला समाधान आहे.

लोकोसाहेब, दिल्ली-कोलकात्याचं तुमचं उदाहरण घेतो. पण तिथे पुढे काय झालं तेही सांगायला हवं. दिल्लीत २०१० साली इंद्रलोक-मुंडका ही हिरवी लाइन स्टँडर्ड गेजवर आली. म्हणजे इंद्रलोकला एका मेट्रोचे दोन गेज झाले. लाल लाइनवर गाड्या कमी पडल्या तर हिरवीची गाडी तिथे आणता येत नाही. कोलकात्यातही तेच. हुगळीच्या खालून जाणारी लाइन, जी मार्च २०२४ मध्ये हावडा मैदान ते एस्प्लनेड सुरू झाली, ती स्टँडर्ड. एस्प्लनेडला जिला जाऊन मिळते ती जुनी, ब्रॉडगेज. दोन शहरांत दोन मूर्तिजापूर! हे कुणाच्या सोयीचं आहे?

आणि गेज जुळवून गाड्या आरपार नेता येतात याचा दाखला आहे. टोकियो. तिथली असाकुसा लाइन १९६० मध्ये सुरू झाली तेव्हापासून केइसेई नावाच्या खासगी रेल्वेच्या गाड्या बाहेरून येऊन भुयारात शिरतात. त्यासाठी केइसेईने आपलं १३७२ चं गेज बदलून १४३५ केलं. आख्खी रेल्वे उचकटून नव्याने बसवली! उपनगरातला माणूस घराजवळ बसतो आणि न उतरता शहराच्या पोटात पोचतो. तुमचा सिग्नल, तुमची वीज, सगळं त्यांनी आधीच बसून ठरवलं. आपण आधी बसत नाही, हेच माझं दुःख आहे.

अजून एक. जगातली पहिली भुयारी रेल्वे, लंडनची, १० जानेवारी १८६३, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन. तिच्यात तीन रूळ होते, दोन गेजांसाठी. काही महिन्यांतच ब्रॉडगेजच्या गाड्या पुरवणाऱ्या ग्रेट वेस्टर्न कंपनीचं भांडण झालं आणि तिने गाड्या काढून घेतल्या. तिसरा रूळ होता म्हणून दुसऱ्या कंपनीच्या स्टँडर्डवाल्या गाड्या मागून आणल्या आणि लाइन चालू राहिली. एका जादा रुळाने वाचवलं. दीडशे वर्षांपूर्वी त्यांना हे सुचलं.

बडनेरा लोको :
लंडनचं काढलंत तर पुढचंही ऐका. तिथली गोल फिरणारी सर्कल लाइन १८८४ ला पूर्ण झाली. ती इतर लाइनींचे रूळ वापरायची. गोल असल्याने गाडीला शेवटचं स्टेशनच नाही, थांबून वेळ भरून काढायला जागा नाही. सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत गोल गोल फिरायचा. अखेर डिसेंबर २००९ मध्ये गोल तोडला आणि एक टोक हॅमरस्मिथला नेलं, गाडीला दम खायला जागा मिळावी म्हणून. सव्वाशे वर्षं लागली ते सुधारायला. रूळ जोडणं सोपं, जोडलेले रूळ सोडवणं महाग. टोकियोला जमलं कारण तिथे गाडी सेकंदाला धरून चालते. आपली मालगाडी बडनेऱ्याच्या बाहेर तासभर उभी असते. तिच्या वेळापत्रकाला भुयार बांधू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि तीन रुळांवर सांधे, क्रॉसिंग, देखभाल किती वाढते ते गँगमनला विचारा. १८६९ मध्ये लंडनवाल्यांनी तो रूळ काढून टाकला.

वर्धेची पोर :
लोकोकाका, तुमचं "माणसाला पाय असतात" हे वाक्य मला खटकलं. मी पुण्यात नोकरी करते. दिवाळीत आजीला घेऊन आले तेव्हा शिवाजीनगरहून भुयारी मेट्रोने स्वारगेटला नेलं. आजीचे गुडघे गेलेत. प्रत्येक बदलीला लिफ्ट शोधायची, रांग लावायची, पुन्हा चालायचं. तिच्यासाठी प्रत्येक बदली म्हणजे मूर्तिजापूरच, काका. पाय असतात, पण सगळ्यांचे सारखे नसतात.

पण दारव्हेकरकाका, गेज एक केलं तरी आजीचा त्रास जाणार नाही. तो जाईल फलाटाच्या मांडणीने. लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ ला सुरू झाली ती मुद्दाम अशी आखली की ऑक्सफर्ड सर्कससारख्या स्टेशनांवर एका लाइनमधून उतरायचं आणि त्याच फलाटाच्या समोरच्या कडेला दुसरी लाइन धरायची. दहा पावलं. जिना नाही, लिफ्ट नाही. त्यासाठी भुयारं जवळ आणून, वळवून, वर-खाली करून ठेवावी लागली. हा खरा रुळांचा विचार. रूळ किती रुंद यापेक्षा ते कुणाच्या शेजारून जातात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

नागपूरलाही दोन्ही लाइनी सीताबर्डीला भेटतात, पण एकीवर दुसरी. जिना आहेच. तिथे तर सगळं जमिनीच्या वर होतं, भुयारही खणायचं नव्हतं.

नागभीडकर :
गेजबदलाचं फार कौतुक चाललंय म्हणून लिहितो. नागपूर-नागभीड छोटी लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करायची म्हणून बंद केली. शंभरावर किलोमीटरची. भिवापूर, उमरेडच्या माणसाची स्वस्तातली गाडी होती. माझी आई तिच्याने मिरची घेऊन जायची. गाडी गेली त्याला वर्षं उलटली. आता एसटीचं तिकीट काढलं की मिरचीतला नफा तिकिटातच जातो. गेज जुळेल तेव्हा जुळेल, मधल्या पिढीचं काय? मुंबईच्या भुयारात ज्यांनी वेगळं गेज टाकलं त्यांनी निदान चालू लोकल एक दिवस बंद केली नाही. मला तेच शहाणपणाचं वाटतं.

कापूसवाला :
नागभीडकर दादा बरोबर बोलून राह्यले. शकुंतला रुंद करू म्हनून म्हनून बंद पाडली. रुंदबी नाई अन् अरुंदबी नाई.

दारव्हेकर :
नागभीडकर, तुमच्या आईचं वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. चालू गाडी बंद करून गेज बदलू नये, हे मी मान्य करतो. नवी लाइन शेजारून टाकावी, ती सुरू झाल्यावरच जुनी थांबवावी. कळंबहून पुढे यवतमाळकडे काम चालू आहे, तिथे तर बंद करायलाही काही उरलेलं नाही.

वर्धेच्या पोरी, तुझा मुद्दा मी धरला नव्हता. आजोबांच्या वेळी दोन लाइनी एका फलाटाच्या दोन कडांना असत्या, तर गाठ उचलायच्या ऐवजी नुसती सरकवता आली असती. एवढंही कुणी केलं नाही. मग मुंबईच्या भुयारात गेज वेगळंच राहणार असेल, तर निदान सीएसएमटीला लोकलचा फलाट आणि मेट्रोचा फलाट यांच्यामध्ये किती चालायचं, किती चढायचं, हे आखणीच्या पहिल्या कागदावर यायला हवं होतं. परतताना मी मोजलं. जिने, सरकते जिने, बोगदा, पुन्हा जिना. माझ्या हातात फक्त कागदांची पिशवी होती.

लोकोसाहेब, मालगाडीचं तुमचं खरं. पण नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक, भंडाऱ्याकडे ब्रॉडगेज मेट्रोचा प्रस्ताव २०१८ पासून मांडलेला आहे. ती तर तुमच्याच रुळावर, तुमच्याच मालगाड्यांच्या मधून धावायची आहे. तिथे तुम्ही काय म्हणाल?

बडनेरा लोको :
तिथे म्हणेन, आधी वर्धा-नागपूर तिसरी आणि चौथी लाइन पूर्ण करा. मग मेट्रो. सोमवारी नातवाला घेऊन मूर्तिजापूरला येतोय. छोट्या लाइनचा फलाट कुठे होता ते त्याला दाखवायचं आहे. तुम्ही याल का?