विषय: क्यूबन बेसबॉलपटू मिगेल आंखेल गोन्झालेस

'क्षेत्ररक्षण चांगले, फलंदाजी नाही' हा अमेरिकन बेसबॉलपटू मो बर्ग यांच्याविषयीचा शेरा गोन्झालेस यांच्या नावावर सांगितला जातो आणि अनेकदा गोन्झालेस यांची ओळख तेवढ्यावरच संपते, म्हणून ही भर घालावीशी वाटते.

हवानाच्या या कॅचरने (फलंदाजामागे उभे राहून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) १९१२ ते १९३२ या काळात अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, १७ मोसम खेळून काढले, आणि १९३८ साली मॅनेजर फ्रँकी फ्रिश यांना हटवल्यावर सेंट लुइस कार्डिनल्सची धुरा काही सामन्यांपुरती सांभाळून ते त्या लीगमधले पहिले क्यूबन मॅनेजर ठरले. हंगामी का असेना, मला हा प्रसंग त्यांच्या कारकिर्दीत सर्वांत मोलाचा वाटतो, कारण क्यूबातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना तेव्हा त्या लीगचे दार बंदच होते आणि गोऱ्या क्यूबनांकडेही संघाची सूत्रे सहसा दिली जात नसत.

१९४६च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात कार्डिनल्सचे इनोस स्लॉटर पहिल्या बेसवरून थेट होम प्लेटपर्यंत धावून धाव पूर्ण करून आले, तेव्हा तिसऱ्या बेसजवळ प्रशिक्षक म्हणून गोन्झालेसच उभे होते. त्यानंतर त्यांनी कार्डिनल्स सोडले आणि ते हवानातच राहिले. तेथे ते 'हबाना' संघाचे मालकही होते आणि मॅनेजरही. फेब्रुवारी १९४७मध्ये मॅनेजर आदोल्फो लुके यांच्या 'अल्मेंदारेस' संघाने त्यांच्याकडून क्यूबन लीगचे विजेतेपद अखेरच्या सामन्यात हिरावून घेतले. ती चुरस क्यूबात आजही आठवली जाते.