लहान मुलं आणि गाणं: तुमचे अनुभव लिहा

जन्मापासून शाळेत जाईपर्यंतच्या मुलांच्या वाढीला गाण्याचा, तालाचा कसा हातभार लागला, ते इथे लिहू या. पालक, आजी-आजोबा, मुलांबरोबर काम करणारे, सगळ्यांचं स्वागत. कौतुक जरूर करा, पण नेमकं काय केलंत आणि मुलात काय फरक दिसला तेही सांगा. काहीच फरक पडला नसेल तर ते आधी सांगा!

बेसूर बाबा
मी गायला लागलो की घरातली मंडळी दार लावून घेतात. लेकीला मात्र माझाच आवाज लागायचा. लंगोट बदलणं, मोजे घालणं, नाक पुसणं, सगळ्याला चाल लावायचो. शब्द सुचेल ते, चाल दर वेळी तीच. मोजे-गाणं सुरू झालं की काही दिवसांनी ती स्वतःच पाय पुढे करायला लागली. तेव्हा तिला एक शब्दही बोलता येत नव्हता, पण पुढे काय होणार ते चालीवरून कळत होतं. मोबाइलवर सुरेल अंगाया लावून पाहिल्या, बाई ढिम्म.

शंकासुर
बाबा, मोजे-गाणं आवडलं, पण रेकॉर्डिंगला इतकं मोडीत काढू नका. कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षाच्या आतल्या बाळांना अनोळखी तुर्की भाषेतलं रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकवलं. बाळं रडकुंडीला यायला साधारण नऊ मिनिटं लागली. नुसतं बोलणं ऐकवल्यावर त्याच्या निम्मीच.

माझा राग ‘हे ऐकवा, बाळ हुशार होईल’वाल्यांवर आहे. मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकवण्याचा तो गाजलेला प्रयोग 1993 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. त्यात बाळं नव्हतीच, कॉलेजचे 36 विद्यार्थी होते. दहा मिनिटं संगीत ऐकून आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली, आणि तो परिणामही पाव तासात विरला. तरी 1998 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना शास्त्रीय संगीत वाटायला सरकारी पैसे मागितले! पुढे 2004 साली सहा वर्षांच्या 144 मुलांवरचा एक नीट प्रयोग आला. वर्षभर गाणं किंवा कीबोर्ड शिकलेल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा थोडा जास्त वाढला. पण ती मुलं शिकत होती, नुसती ऐकत नव्हती. आणि चारचौघांत वागणं सुधारलं ते नाटक शिकणाऱ्या गटाचं.

जुळ्यांची आई
आमच्याकडे एकीची टकळी लवकर सुरू झाली, दुसरा बोलेचना. वाचा-उपचारवाल्या ताईंनी एक युक्ती दिली: रोजचंच बडबडगीत म्हणायचं, ओळीतला शेवटचा शब्द गाळायचा आणि थांबायचं. मूल काही बोलेपर्यंत तोंड बंद. हे थांबणं महाकठीण! आपल्याच जिभेवर तो शब्द वळवळत असतो. त्यातून बहीण शेजारी असली की ती आधीच ओरडून मोकळी, म्हणून त्याला वेगळं घेऊन बसायचे. आधी नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा. मग शेवटचा स्वर आला, मग अर्धा शब्द. ‘आणखी’ हा त्याचा पहिला स्पष्ट शब्दही गाणं पुन्हा म्हणायला लावण्यासाठीच आला.

वाचा-उपचार करणारी
ही युक्ती चालते, कारण गाण्यात शब्द ताणले जातात, अक्षरं सुटी ऐकू येतात आणि यमकामुळे पुढच्या शब्दाचा अंदाज येतो. टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे पाडणं तर पुढे वाचायला शिकताना फार उपयोगी पडतं. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं यंत्र) केलेल्या मुलांबरोबर मी आधी तालच घेते; त्या यंत्रातून सुरांचे चढउतार नीट पोचत नाहीत, ठेका बराच चांगला पोचतो.

फक्त एक विनंती. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर गाण्यांच्या भरवशावर थांबू नका. आधी कान तपासून घ्या. गाणं लागलं की मूल नाचतं, म्हणजे त्याला बोलणं नीट ऐकू येतं असं नव्हे.

रात्रपाळी
मी नवजात अतिदक्षता कक्षात परिचारिका आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हात लावायचीही आईबापांना भीती वाटते. त्यांना मी सांगते, तुमच्या आवडीचं कुठलंही गाणं घ्या, अंगाईसारखं संथ करा, अगदी हळू गुणगुणा. 2013 साली 11 रुग्णालयांतल्या 272 बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. असं प्रत्यक्ष गाणं आणि हृदयाच्या ठोक्यासारखे, श्वासासारखे आवाज यांनी हृदयगती, दूध ओढणं, झोप यांत फरक दिसला. आईवडिलांचा ताणही उतरला, आणि मला रोज डोळ्यांना दिसतं ते हेच.

बाळाला ठेवतात त्या उबदार पेटीत स्पीकर ठेवू का, असं विचारतात. नको! बाळानं बोटं फाकवली, मान फिरवली, उचकी लागली की त्याला पुरे झालेलं असतं. तेव्हा गाणंही बंद.

बालवाडीताई
आमचा हुकमी खेळ म्हणजे डफ वाजला की चालायचं, थांबला की पुतळा. मोठ्यांना ही करमणूक वाटते, पण तीन वर्षांच्या मुलाला उचललेला पाय रोखून धरणं म्हणजे मनाला लगाम घालणं. मग नियम उलटा करायचा: वाजला की पुतळा. वर्गाची जी तारांबळ उडते!

जर्मनीत चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांवर प्रयोग झाला होता. मिळून गाणारी-वाजवणारी मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. भांडकुदळ जोडीला मी एकच ढोलकं देते, एकेक बाजू वाजवायला. नेहमी जमतंच असं नाही, कधी ढोलकंच युद्धाचं कारण होतं.

एक मुलगा मात्र गाणं सुरू झालं की कान झाकायचा. त्याला गोलात ओढलं नाही. आवाज कमी-जास्त करायची खूण त्याच्या हाती दिली: हात खाली केला की सगळ्यांनी हळू. राजासारखा बसायला लागला.

आजोबा
नातू अडखळत बोलतो, गाताना अजिबात अडखळत नाही. म्हणून घरात सगळे त्याला ‘गाऊन सांग’ म्हणायला लागले आणि तो बोलायचाच बंद झाला. आता गाणं हौसेचं, बोलणं त्याच्या गतीनं. मध्ये कुणी शब्द पुरवायचा नाही.

आणि वाजणाऱ्या खेळण्यांचं काहीतरी करा हो. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला 40 तास, 75 डेसिबलपर्यंतचा आवाज सुरक्षित मानते. आमच्याकडचं इंजिन कानाशी धरलं तर माझ्याही डोक्यात कळ जाते. स्पीकरच्या भोकांवर जाड चिकटपट्टी लावा, आवाज बराच बसतो. सेल काढून टाकले तर उत्तमच.