एआय लॅबसाठी कोणतं लिनक्स घ्यावं? उबंटू की रॉकी?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. यंदा तीन मशिन्स हाती आली आहेत, प्रत्येकात एनव्हिडियाचं एकेक ग्राफिक्स कार्ड. दिंडोरी-निफाडच्या बागांतल्या द्राक्षपानांचे फोटो बघून भुरी आणि केवडा हे रोग ओळखेल असं एआय मॉडेल मुलांकडून करून घ्यायचंय. एका मशीनवर जुनं सेंटओएस ७ हे लिनक्स आहे, दोन कोरी आहेत. तिन्ही जोडून छोटा क्लस्टर करावा म्हणते. मोठ्या सुपरकॉम्प्युटरवर जे असतं तेच मुलांच्या हाताखालून गेलं तर पुढे उपयोगी पडेल. लायसन्ससाठी पैसे नाहीत आणि उन्हाळ्यात वीज जाते. काय टाकू?

सातपूरकर:
ताई, सेंटओएस ७ आधी काढा. ३० जून २०२४ला त्याची मुदत संपली, आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. त्याच, म्हणजे रेड हॅटच्या घराण्यातलं हवं तर रॉकी ९ किंवा अल्मा ९ घ्या, दोन्ही फुकट. २०३२पर्यंत काळजी नाही. आमच्याकडे सिम्युलेशनला रॉकीच आहे.

क्लस्टरवाला_पुणे:
रॉकी भक्कम आहे, पण काम एआयचं असेल तर मी उबंटू २४.०४ म्हणेन.

जगातल्या सर्वांत वेगवान सुपरकॉम्प्युटरांच्या टॉप५०० यादीतली झाडून सगळी यंत्रं नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवरच आहेत, फक्त घराणी वेगळी. अमेरिकेतला एल कॅपिटन हा सुपरकॉम्प्युटर ज्या टॉस नावाच्या लिनक्सवर चालतो ते रेड हॅटवर बेतलेलं आहे, तिथल्याच फ्रंटियरचं क्रे ओएस सुसे या लिनक्सवर. पण आपल्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेत असलेलं ऐरावत हे एआयचं यंत्र, जे जून २०२३च्या यादीत ७५वं होतं, ते उबंटूवर आहे. एनव्हिडियाच्या एआयसाठीच्या डीजीएक्स मशिन्सची ओएससुद्धा उबंटूवरच उभी आहे. त्यामुळे मुलं अडली तर उत्तर लवकर सापडतं.

मात्र खरी डोकेदुखी ओएसच्या नावात नसते, कर्नलमध्ये, म्हणजे ओएसच्या गाभ्यात असते. कार्डाचा ड्रायव्हर हा कर्नलचा मॉड्यूल, म्हणजे त्याला जोडलेला भाग आहे, ज्या कर्नलसाठी बांधला त्याच्याशीच जुळतो. आमच्याकडे ऐन सबमिशनच्या आठवड्यात रात्री आपोआप अपडेट झालं, नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलाच गेला नाही आणि सकाळी क्लस्टरमधल्या एकाही मशीनला कार्ड दिसेना. मुलांचे रडवेले चेहरे अजून आठवतात. म्हणून कर्नल आणि ड्रायव्हर दोन्ही होल्डवर ठेवा, म्हणजे ते आपोआप अपडेट होणार नाहीत. अपडेट आधी एकाच मशीनवर करून बघा, आठवडाभराने बाकीच्यांवर.

पायटॉर्च, कूडा वगैरे मॉडेल शिकवायला लागणारी सॉफ्टवेअर्स थेट मशीनवर टाकू नका. ॲपटेनरने बनवलेल्या कंटेनरमध्ये, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर बांधलेल्या एकाच फाइलमध्ये ठेवा, बाहेर फक्त ड्रायव्हर. उद्या एखाद्या मुलाला मोठ्या यंत्रावर वेळ मिळाला तर तोच कंटेनर उचलून नेता येईल. मग तिथे रॉकी असो की उबंटू, फारसा फरक पडत नाही.

मुलांची कामं (जॉब) रांगेत लावून मशिन्सवर वाटायला स्लर्म. तिन्ही मशिन्सची घड्याळं क्रोनी या प्रोग्रामने जुळवा, मशिन्सची एकमेकांना ओळख पटवणाऱ्या मंजची की आणि युजर आयडी सगळीकडे एकच ठेवा. स्लर्म चालत नाही म्हणून जे फोन मला येतात, त्यातले बरेचसे या तीन गोष्टींपाशीच येऊन थांबतात.

निफाडची_लेक:
मॅडम, फोटो एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधून थेट वाचू नका. हजारो बारक्या फाइल्स असल्या की नेटवर्क अडतं आणि कार्ड रिकामं बसतं. ट्रेनिंगआधी प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या एसएसडीवर कॉपी करा. वीज जाते म्हणता तर दर इपॉकला (सगळ्या फोटोंवरून एक फेरी झाली की) चेकपॉइंट, म्हणजे तोवरचं मॉडेल सेव्ह करणं हवंच, यूपीएस कितीही चांगला असला तरी. आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. केवड्याचे तेलकट डाग वरून दिसतात, पांढरी बुरशी खालून. आमच्या बागेत मी हेच चुकले होते.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. उबंटू २४.०४, ॲपटेनर आणि स्लर्म ठरलं. शनिवारी मुलांना घेऊन बसते. मुलांनी लॉगिन करून जॉब लावण्यासाठी कपाटातला एक जुना, कार्ड नसलेला पीसी वापरला तर चालेल का?

सातपूरकर:
चालेल ताई. लॉगिनला आणि स्लर्मच्या कंट्रोलरला कार्ड लागत नाही. फक्त त्यालाही यूपीएसवर घ्या, तो पडला की नवे जॉब लागणार नाहीत.