मोठ्या उद्यानात कुत्रा आणि मुलं एकत्र नेताना

प्रश्न: उपनगरातलं मोठं उद्यान, सोबत ४ आणि ७ वर्षांची मुलं आणि २० किलोचा कुत्रा. पट्टा कोणता घ्यावा? कुत्री मोकळी सोडतात त्या कुंपणात मुलांना न्यावं का?

प्रतिसाद १: दीड-दोन मीटरचा साधा पट्टा. आपोआप गुंडाळला जाणारा नको, त्याची दोरी सरकताना पोरांच्या पोटऱ्या कापते. आणि पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात! खारीमागे कुत्रा झेपावला की सात वर्षांचं पोर सरळ तोंडावर आपटतं. कुंपणात धाकट्याला नकोच. पळणारं, किंचाळणारं मूल दिसलं की अनोळखी कुत्री मागे लागतात. दोघं मोठे असाल तर आळीपाळीने आत जा.

प्रतिसाद २: हाताची मागची बाजू डांबरावर ७ सेकंद टेकवा. ठेववत नसेल तर पंजे भाजणार.

प्रतिसाद ३: खाऊच्या डब्यात द्राक्षं, मनुका, चॉकलेट नको. मुलं सांडतात, कुत्रा टिपतो, आणि मनुकांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शी ताजी असतानाच उचला. गोलकृमींची अंडी मातीत दोनेक आठवडे राहिली की संसर्गजन्य होतात. परतल्यावर गोचिडी शोधा: कुत्र्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात. मुलांच्या गुडघ्यामागेसुद्धा.