'असेसमेंट'ला मूल्यांकन म्हणावे की आकारणी?

प्रश्न
शिकागो ज्या कुक काउंटीत येते, तिथल्या मालमत्ता करावर मराठीत लेख लिहिते आहे. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या) वस्त्यांतल्या घरांची किंमत सरकारदफ्तरी चढवून धरली जात होती, सधन वस्त्यांतली उतरवून. त्याविरुद्ध दाद मागायला येत ते मात्र बहुतेक सधन भागांतलेच. 'शिकागो ट्रिब्यून'ने २०१७ मध्ये हे आकड्यांनिशी मांडले आणि २०१८ च्या प्राथमिक निवडणुकीत तेव्हाचे असेसर, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणारे अधिकारी, जोसेफ बेरिओस यांना फ्रिट्झ केगी यांनी हरवले. माझे चार शब्द अडले आहेत : असेसमेंट, अपील, रिग्रेसिव्ह, आउटरीच. वाचनात मूल्यांकन, अपील, प्रतिगामी, जनजागृती असे आले. चालतील का?

उत्तर
ताई, नगरपालिकेच्या कर खात्यात माझी नोकरी झाली, म्हणून पहिल्या दोन शब्दांबद्दल सांगतो. मूल्यांकन म्हणजे घराची किंमत ठरवणे. आकारणी म्हणजे त्या किमतीवरून कराचा बोजा बसवणे. कुक काउंटीत हे टप्पे वेगळे आहेत : आधी बाजारभावाचा अंदाज, मग राहत्या घरासाठी त्याचे १० टक्के आणि व्यापारी इमारतीसाठी २५ टक्के धरून पुढचा हिशेब. त्यामुळे लेखात दोन्ही शब्द लागतील, एकाने भागणार नाही. खोट पहिल्या टप्प्यात असते. समजा, १ लाख डॉलरचे घर १ लाख ३० हजारांचे धरले आणि ५ लाखांचे घर ४ लाखांचे. दोघांना दर एकच लागतो, म्हणून बिल बघून कुणाला काही वावगे वाटत नाही.

'अपील' सरसकट वापरू नका. आपल्याकडे आकारणीच्या नोटिसा निघाल्या की हरकती मागवतात, सुनावणी होते. असेसरच्या कार्यालयात करायचा अर्ज ही हरकतच आहे. तिथे वकील लागत नाही. त्याच्या वर बोर्ड ऑफ रिव्ह्यू हे काउंटीचे हरकती ऐकणारे मंडळ आहे. त्याच्या निर्णयाविरुद्ध राज्याच्या मंडळाकडे किंवा न्यायालयात जायचे, त्याला अपील म्हणा. अपील शब्द कानावर पडला की साध्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोर्ट आणि खर्च उभा राहतो, आणि हक्क असून तो घरी बसतो. हे मी खिडकीच्या आतून पाहिले आहे.

दुसरे उत्तर
मी अर्थशास्त्र शिकवते. 'प्रतिगामी कर' आमच्या पुस्तकांत आहे, पण बाहेरच्या वाचकाला त्यातून पुरोगामी-प्रतिगामी विचारच आठवतील. सरळ 'गरिबावर जड पडणारी आकारणी' लिहा.

मात्र 'गरीब' लिहून 'कृष्णवर्णीय' गाळू नका, ही कळकळीची विनंती. कार्लोस अवेनान्सिओ-लिऑन आणि ट्रूप हॉवर्ड या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात अमेरिकेत तेवढ्याच सार्वजनिक सेवांसाठी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (म्हणजे साधारण लॅटिनोच) रहिवाशांवर कराचा भार १० ते १३ टक्के जास्त निघाला. कारण समजून घ्या. असेसरचे सूत्र घराचे क्षेत्रफळ, खोल्या वगैरे मोजते, पण वस्तीमुळे बाजारात भाव किती खाली येतो हे पुरते धरत नाही. तो भाव मुळात पडला कसा? १९३० च्या दशकात कृष्णवर्णीय वस्त्या नकाशावर लाल रंगात दाखवल्या गेल्या आणि अशा वस्त्यांना वर्षानुवर्षे कर्जे नाकारली गेली, हे त्याचे एक मोठे कारण. म्हणजे कर्ज देताना वस्ती बघायची आणि कर घेताना तिच्याकडे डोळेझाक करायची. याला 'वांशिक अन्याय' हेच नाव आहे. 'जातीय' मात्र लिहू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो.

कुक काउंटीबद्दल त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरमालक हरकत कमी घेतात, घेतली तरी कमी वेळा मान्य होते, आणि मान्य झाली तरी सूट कमी मिळते.

प्रश्नकर्ती
काका, हरकत शब्द पक्का. बाई, गाळणार नाही. आता आउटरीच, म्हणजे लोकांपर्यंत जाऊन माहिती आणि मदत पोचवणे. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये शाळा, उद्याने, पालिका यांना लागणारी रक्कम आधी ठरते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. एकाची आकारणी उतरली की तो भार उरलेल्यांवर जातो. म्हणजे हरकत न घेणारा जागच्या जागी राहत नाही, शेजारच्या वस्तीची सूटही तोच भरतो. त्यापुढे 'जनजागृती' फार मिळमिळीत वाटते.

उत्तर
मलाही तो शब्द खटकतो. लोक झोपलेले आहेत असे त्यात गृहीत धरलेले असते. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहराचे बघा. २००८ च्या सुमारास घरांचे भाव कोसळले, आकारणी त्या मानाने उतरली नाही. मिशिगनच्या राज्यघटनेप्रमाणे करासाठी धरलेली किंमत बाजारभावाच्या निम्म्यावर जाता कामा नये, तरी ती गेली. शहरभरची फेरआकारणी २०१७ मध्ये पुरी झाली, तोवर हजारो घरे थकबाकीपोटी लिलावात निघाली होती. गरीब घरमालकांना करमाफीची तरतूद होती, पण अर्जाची वाट इतकी किचकट की २०१६ मध्ये दावा लावावा लागला. २०१८ च्या तडजोडीत ती प्रक्रिया सोपी करायचे ठरले. ही माणसे झोपलेली नव्हती, त्यांना दार बंद होते. म्हणून 'शिबिर' लिहा : हरकत शिबिर, करमाफी शिबिर. टेबल, अर्ज, भरून देणारा माणूस, हे सगळे त्या शब्दात मराठी वाचकाला दिसते. कार्यकर्ते घरी जात असतील तिथे 'दारोदार मदत'.

दुसरे उत्तर
शीर्षकात 'फेअर'साठी 'रास्त' घ्या. रास्त भावाच्या दुकानामुळे तो सगळ्यांच्या तोंडात आहे. 'न्याय्य' बोलताना अडखळायला होते.

प्रश्नकर्ती
'रास्त आकारणी' घेते. बोर्ड ऑफ रिव्ह्यूला काय म्हणू?

उत्तर
'फेरतपासणी मंडळ'. पहिल्यांदा मूळ नाव देवनागरीत शेजारी द्या, कारण नोटिशीवर तेच छापलेले असते.